अकरा ठिपक्यांचं छत

संपादकसाहेबांचा निरोप आला, की नागपूरच्या उन्हाळ्याच्या आणि तुमच्या कामाच्या काही गमती लिहून द्या, दिवाळीत लोकांना वाचायला बरं वाटेल. गमती! तीस वर्षं मी तापल्या टिनाखाली शिडीवर उभं राहून दुसऱ्यांची डोकी थंड केली. माझं तापलं ते अजून उतरलेलं नाही. गमती लिहायला आधी हसू यावं लागतं आणि मला नुसतं टिन दिसलं तरी अजून शिवी तोंडावर येते. म्हणून जे आहे ते लिहितो. छापायचं तर छापा, नाहीतर फेकून द्या.

माझा धंदा छताखाली छत करण्याचा. लोक मला मारोतराव मिस्त्री म्हणायचे. ज्यांच्या घरात एखादं शेड आहे, मागच्या अंगणात टिनाचे पत्रे टाकून शिलाईचं, घड्याळाचं, सुतारकीचं काम चालतं, ते मला बोलवायचे. आमच्याकडे मेअखेरचे नवतप्याचे नऊ दिवस असे असतात की दुपारी टिनाखाली ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यात हात घातला तर चटकन बाहेर काढावा लागतो. त्या टिनाखाली माणूस आठ-आठ तास काम करतो, पावसाळ्यात तिथेच गळतं आणि पौषात त्याच टिनातून थंडी हाडात उतरते. बाराही महिने बसता यावं असं ते शेड करून देणं, हे माझं काम.

करायचं कसं, ते सांगतो, त्यात काही गुपित नाही. टिनाच्या खाली हातभर जागा सोडून बांबूचा सांगाडा बांधायचा. त्याला खालून बांबूची चटई मारायची. चटईवर वरच्या बाजूनं गोणपाट, त्यावर माती आणि शेणाचा हात. तो वाळला की त्यावर चार बोटं धानाचं तूस पसरायचं. भंडाऱ्याकडच्या गिरण्यांतून पोत्यांनी मिळायचं. त्यात चुना आणि कडुनिंबाचा पाला मिसळायचा, म्हणजे वाळवी लागत नाही. खालून चटईला पांढरा हात द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टिन आणि तूस यांच्या मधल्या जागेला दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवायची, म्हणजे तापलेली हवा बाहेर जाते. ती भोकं बुजवली तर सगळं मुसळ केरात. थर्माकोल नंतर आलं. माझा भरवसा तुसावरच.

पण तुसाचा एक दुर्गुण आहे. तूस पाणी पितं. गुपचूप पितं. म्हणून खाली छत मारण्याआधी वरचं टिन तपासायचं, हा धंद्यातला पहिला नियम. भर दुपारी शेडचं दार लावून अंधार करायचा आणि वर पाहायचं. जिथून उजेड येतो, तिथून पाणी येणार. जुन्या नटाचं वायसर सडलेलं असतं, भोक मोठं झालेलं असतं. ते आधी बदलायचं, डांबर लावायचं, मगच चटईला हात लावायचा. हे सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं यावरच आहे.

त्याआधी माझ्या रागाचा एक नमुना ऐका. एका मोठ्या वकिलाकडे गेलो होतो. बैठकीच्या खोलीत खसच्या ताट्या, कूलर, वर माझं छत. साहेब गादीवर लोळून पानसुपारी खात होते. मागच्या टिनाच्या खोलीत त्यांची बायको आणि सासू पापड लाटत होत्या, दोघींचे चेहरे लाल झालेले. मी म्हटलं, "साहेब, ही पण खोली करून देतो, सामान उरलं आहे." तर म्हणतात कसे, "तिथं काहून? तिथं तं चूलच आहे, तिथं गरम राहणारच." मी उरलेलं तूस त्यांच्या दारात टाकलं आणि निघून आलो. बसणाऱ्याला गारवा आणि राबणाऱ्याला टिन, हा या शहराचा कायदा होता. मला शेवटपर्यंत तो पचला नाही.

म्हणून वामनरावांचं काम आलं तेव्हा मी खूश झालो. वामनराव चामड्याचे आणि लोखंडाचे कारागीर. पोलिओनं पाय गेलेल्या पोरांसाठी कॅलिपर करायचे. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे आणि खाली जाड बूट. धंतोलीचे डॉक्टर चिठ्ठी द्यायचे आणि सगळ्या विदर्भातली पोरं आईबापाच्या कडेवर बसून वामनरावांच्या घरामागच्या शेडमध्ये यायची. वामनराव पायाला प्लास्टर गुंडाळून आधी साचा काढत, त्या साच्यात प्लास्टर ओतून पायाची हुबेहूब नक्कल करत आणि तिच्यावर ओलं चामडं ताणून बसवत. बायको लीलाबाई पट्टे शिवायच्या. हे सगळं उघड्या टिनाखाली. मे महिन्यात चामडं दोन तासांत वाळून वाकडं व्हायचं आणि साचा काढून घेता घेता पोरं घेरी येऊन पडायची. थंडीत उघड्या पायांनी कुडकुडायची.

"मारोतराव," ते मला म्हणाले, "माह्यं काही नाही गा. मले सवय आहे. पण हे पोट्टे इथी रडतात ना, ते पाहवत नाही. काही करता आलं तं करून द्या."

खर्च एक धर्मादाय मंडळ देणार होतं. त्या मंडळाचे अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यातले, बोलणं इतकं मऊ की समोरच्याला वाटावं आपणच उर्मट. मी शेड पाहायला गेलो त्याच दिवशी ते आले.

त्या दिवशी एक पोरगी साच्यासाठी आली होती. कुसुम नाव, उमरेडजवळच्या गावची, सहा-सात वर्षांची. बाप लक्ष्मण हातमागावर लुगडी विणायचा. डावा पाय अगदीच वाळलेला. वामनराव प्लास्टर गुंडाळत होते आणि मी दार लावून वर पाहत होतो. जमिनीवर उजेडाचे गोल गोल ठिपके पडले होते. पाय हलवायची बंदी म्हणून ती पोरगी बसल्या बसल्या ते मोजत होती.

"अकरा," ती म्हणाली.

"बारा असतील वं," मी शिडीवरून तिला चिडवलं.

तिनं पुन्हा बोट दाखवत मोजले. "अकराच आहेत. तुमाले मोजता नाही येत."

लक्ष्मण हसला. मग त्यानं वामनरावांना विचारलं, "शाळा सुरू व्हायच्या आधी होईन ना जी? हेडमास्तर म्हनते, पोरगी आपल्या पायानं वर्गात आली तं नाव घालतो. कडेवर घेऊन आनली तं नाही घेत. दोन साल झाले, तो हेच म्हनून राहिला."

"देतो गा," वामनराव म्हणाले. "आषाढ लागायच्या आत देतो."

त्या हेडमास्तरचाही मला राग आहे. पण त्याला राहू द्या, माझ्या यादीत वरची नावं वेगळी आहेत.

मी अध्यक्षांना सांगितलं, की अकरा भोकं आहेत, चार टिनं बदलावी लागतील, बाकीचे नट-वायसर नवे घालावे लागतील. या दिवसांत टिनावर सकाळी आठनंतर पाय ठेवता येत नाही, म्हणजे चार सकाळी त्यातच जाणार. आणि दोन्ही टोकांना जाळीची भोकं लागतील.

ते हसले. "अहो मिस्त्री, भोकं बुजवायला चार दिवस आणि नवी भोकं पाडायला आणखी वेळ? गंमतच आहे तुमची. रविवारी उद्घाटन आहे. पाहुण्यांना पुन्हा वेळ नाही. फोटोत ती जाळी काय दिसेल!"

जाळीवरून मी भांडलो. पाऊण तास भांडलो. म्हटलं, जाळी नसेल तर मी काम करत नाही, दुसरा भैताड पाहा. शेवटी ते म्हणाले, बरं बाबा, ठेवा तुमची जाळी. मला वाटलं, जिंकलो! एवढ्या मोठ्या माणसाला नमवलं! त्या तोऱ्यातच होतो, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "टिनाचं मग नंतर वरून करता येईल ना? पावसाला अजून महिना आहे. डांबर काय, केव्हाही लावता येतं."

येतं, हे खरं होतं. वरून लावता येतं. मी म्हटलं, "चालते."

चालते! या एका शब्दाला गाडून टाकायला पाहिजे. आमच्याकडे मिस्त्री म्हणतो चालते, ओव्हरसियर म्हणतो चालते, बाप पोरीला पाहायला आलेल्या मुलाबद्दल म्हणतो चालते. मी अकरा भोकांखाली चटई मारली. वर माती लिंपली, तूस टाकलं. काम सुंदर झालं होतं, हे छातीवर हात ठेवून सांगतो. एक सांधा दिसत नव्हता.

रविवारी उद्घाटन झालं. दारावर संगमरवराची पाटी लागली, तिच्यावर अध्यक्षांचं नाव, पाहुण्यांचं नाव, मंडळाचं नाव. वामनरावांचं नाव नव्हतं. भाषणात अध्यक्ष म्हणाले की अपंग बालकांच्या जीवनात आम्ही शीतल छाया निर्माण केली. आम्ही! छाया मी निर्माण केली होती आणि माझ्या दंडावर अजून चुन्याचे फोड होते. पण शेड खरंच गार झालं होतं. भर दुपारी लीलाबाई पट्टे शिवता शिवता गुणगुणत होत्या. वामनरावांनी माझा हात हातात घेतला. मला लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी डांबराचा डबा विकत आणून माझ्या ओसरीत ठेवला. त्याच आठवड्यात वर्ध्याला मोठं काम निघालं, ते हातचं सोडवेना. बायको रोज त्या डब्याला ठेचकाळायची. "काहून आणून ठेवला हा डबा? लावून तरी या." मी म्हणायचो, वर्ध्याहून आलो की लावतो.

वर्ध्याहून आलो तेव्हा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले होते. मोठा नाही, रिमझिम. शनिवारी बाजारात लीलाबाई भेटल्या. चेहरा खुललेला. "मारोतभाऊ, काय छत केलं जी तुमी! दरसाल शेडात बादल्या मांडा लागायच्या. औंदा थेंब नाही गळला. गळतीबी बंद करून टाकली बाप्पा!"

माझ्या हातातली पिशवी तिथंच खाली आली. अकरा भोकं आणि थेंब नाही गळला, म्हणजे पाणी गेलं कुठं? या बाईला कौतुक वाटत होतं आणि मला कळत होतं, की वर तूस आठ दिवसांपासून पाणी पिऊन राहिलं आहे. आता कोणी विचारील, मग त्याच क्षणी का नाही गेलास? मीही तेच विचारतो. मी म्हटलं, "वहिनी, उद्या येऊन एकदा पाहून जातो." उद्या रविवार होता. साळ्याच्या घरी, म्हणजे बायकोच्या भावाकडे, जेवण होतं.

सोमवारी दुपारी छत बसलं. वामनराव आणि लीलाबाई जेवायला घरात गेले होते, म्हणून जीव वाचले. मी पोहोचलो तेव्हा शेडमध्ये गुडघाभर चिखल, तूस, मोडका बांबू आणि त्यात प्लास्टरचे पांढरे पाय. पोरांच्या पायांच्या नकला सगळ्या फळीवर ओळीनं ठेवलेल्या असायच्या. त्यांचे तुकडे झाले होते. एका तुकड्यावर निळ्या पेन्सिलीनं 'कुसुम' लिहिलेलं होतं. तिचे चामड्याचे पट्टे जवळजवळ तयार होते, ते फुगून बोळा झाले होते. लोखंडी पट्ट्या तेवढ्या शाबूत.

वामनराव चिखलात बसून तुकडे वेचत होते. मला पाहून म्हणाले, "या. घमेलं घ्या."

एवढंच. शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. त्या माणसानं मला शिवीसुद्धा दिली नाही.

संध्याकाळी अध्यक्ष आले. चिखलात पाय पडू नये म्हणून दारातच उभे राहिले. "निकृष्ट काम," ते म्हणाले, त्याच मऊ आवाजात. "आम्ही विश्वासानं दिलं होतं. असो. मुलांचं काय, आणखी महिनाभर थांबतील. सवय असते त्यांना."

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. "सवय असते? तुम्ही चार दिवस थांबले नाही! रविवारचा गुरुवार नाही करू शकले! आणि पोट्टे महिना थांबतील?"

"आवाज खाली," ते म्हणाले.

"नाही करत खाली. भोकं आहेत म्हणून सांगितलं होतं का नव्हतं?"

"आणि तुम्ही 'चालते' म्हणाला होतात," ते म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले.

म्हणालो होतो. त्या माणसाचा राग मला याच कारणानं सगळ्यात जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनरावांनी पहिलं काम केलं ते म्हणजे छिन्नीनं दारावरची संगमरवरी पाटी काढली. मला वाटलं फोडतात. त्यांनी ती धुतली, अक्षरं खाली करून पाटावर ठेवली आणि तिच्या गुळगुळीत पाठीवर चामड्याची कड रापीनं छिलायला घेतली. चामडं पातळ छिलायला संगमरवरासारखा दगड नाही. "लय दिवसांपासून असा दगड पाहिजे होता," ते म्हणाले. त्या दिवसांत मला आलेलं तेवढं एक हसू.

गुरुवारी उमरेडच्या एस.टी.नं लक्ष्मण आला. कुसुम कडेवर, डोक्याला तेल लावलेलं, दोन वेण्या, नवा फ्रॉक, काखेत पाटी. कॅलिपर घालून थेट शाळेत जायचं म्हणून ती पाटी घेऊनच निघाली होती. नाव घालायची मुदत शनिवारी संपत होती.

वामनराव उठले. मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी सांगतो." लक्ष्मणला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पडक्या छताकडे पाहत होता. मग म्हणाला, "मले काहून सांगता जी? मले चालता येते. तिले सांगा."

लक्ष्मणनं तिला खाली बसवलं आणि मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, छत पडलं, तुझा पाय पुन्हा करावा लागेल, पुन्हा प्लास्टर, पुन्हा महिना-दीड महिना. ती रडली नाही. वर पाहत होती. टिन आता पुन्हा उघडं होतं आणि ऊन पडलं होतं. ठिपके जमिनीवर होते तिथेच होते.

"पानी यातूनच आलं?" तिनं विचारलं.

"हो."

"तुमाले हे दिसले नोयते?"

मी पंचेचाळीस वर्षांचा बाप्या. समोर फुटभर अंतरावर ती पोरगी. शेडमध्ये वामनराव, लीलाबाई, लक्ष्मण, सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "नाही वं बाई. माझं लक्षच नव्हतं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी तं बारा म्हनले होते," ती म्हणाली, आणि पाटी बापाच्या हातात दिली.

त्यानंतर मी काम केलं. चार टिनं बदलली, प्रत्येक नटाला वायसर, प्रत्येक वायसरला डांबर. ओसरीतला तोच डबा. छत पुन्हा मारलं, जाळीसकट, आणि तुसावरून पाणी पळून जाईल अशी उताराची पन्हळ केली. वामनराव शेवटपर्यंत त्याच शेडमध्ये बसले, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ते छत नंतर कधी गळलं नाही. कुसुमचं कॅलिपर पोळ्याच्या आसपास झालं. हेडमास्तरनं पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. माझ्या साळ्याच्या घरच्या एका जेवणापायी त्या पोरीचं वर्ष गेलं.

या लेखात मी वकिलाला शिव्या दिल्या, हेडमास्तरला दिल्या, अध्यक्षांना तर दोन पानं भरून दिल्या. त्यातली एकही मागे घेत नाही. पण संपादकसाहेब, हा अंक उमरेडकडेही जात असेल. कुसुम आता बाई झाली असेल, नाव बदललं असेल, वाचत असेल. म्हणून मी तिला म्हटलेलं ते एक वाक्य तेवढं दुरुस्त करून छापा.

मला दिसले होते, कुसुम. तू खालून मोजत होतीस तेव्हा मी वरून मोजत होतो. अकराच होते.